विजापूरला किती वाजता

विजापूरच्या दोन दिवसांच्या सहलीचं वेळापत्रक मी लिहीत होतो. गोल घुमटापुढे ‘सकाळी सहा’ लिहिलं. तेव्हा गर्दी नसते आणि वरच्या सज्ज्यातली कुजबुजही पलीकडे स्पष्ट ऐकू येते. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. घुमट मात्र कधी पाहिला नाही. न पाहिलेल्या जागेवर शिक्षकांइतका विश्वास कुणाचाच नसतो. आता श्रवणयंत्र लावूनही त्यांना जेमतेम ऐकू येतं.

“पायऱ्या झेपतील?” मी मोठ्यानं विचारलं.

“कान गेलेत, गुडघे नाहीत.” त्यांनी कागद ओढला आणि सहा खोडून अकरा लिहिले.

“अहो अण्णा, अकराला शाळांच्या सहली येतात. पोरं नुसती किंचाळत असतात.”

“म्हणून तर,” ते म्हणाले. “तेवढं तरी ऐकू येईल.”