बाहेरचं बघा

मुरबाड आणि शहापूर मिळून माझी तीस वर्षांची नोकरी झाली. या तीस वर्षांत मी पुष्कळ बोलले — डॉक्टरांना तोंडावर, नातेवाइकांना दारात, नवऱ्याला घरी. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणत, आणि बरोबरच म्हणत. पण एक गोष्ट या जिभेवर कधी आली नाही. आज तुम्हाला सांगते. मध्येच अडले तर अडू द्या.

आधी हे ऐका, की मी चांगली नर्स होते. त्यात लाजायचं काय? माझा हात हलका. शीर कितीही बारीक असो, दुसऱ्यांदा टोचायची वेळ क्वचित यायची. आणि उलट्यांचा पेशंट कसा सांभाळायचा, ते मला कुणी शिकवू नये. कुशीवर वळवायचं, भांडं हाताशी ठेवायचं, दर उलटीनंतर चूळ भरायला लावायची, तोंड पुसायचं — आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्याने, दमाने. घटाघटा पाजलं की आलंच परत. मुरबाडकडच्या बायका डॉक्टरांचं नाव घेत नसत, "त्या बाईंच्या हातची सुई पायजे" म्हणत. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

माझी गोष्ट त्या आवडण्याचीच आहे.

नव्वदच्या दशकातले दिवस. मुरबाडच्या बाजूला एका डॉक्टरांचा सहा खाटांचा दवाखाना होता, तिथे मी होते. एका दुपारी सुनंदा नावाची मुलगी आली, आईबरोबर. सतरा वर्षांची, अंगाने काडी. लग्नातलं जेवण बाधलं होतं. तिची स्वतःचीही सुपारी फुटली होती, आसनगावच्या मुलाशी — आईने पोरीच्या उलट्यांच्या आधी हेच सांगितलं, इतकी ती हरखलेली होती. डॉक्टरांनी उलटी थांबवायची सुई लिहिली, अर्धीच, कारण पोर हलकी. मी दिली. डॉक्टर कामाला कल्याणला गेले.

तासाभरात पोरीला परत उलटी झाली. मी काय करायला हवं होतं? काही नाही — चमचा घेऊन बसायला हवं होतं, जे मला सगळ्यांत चांगलं येतं. पण तिची आई म्हणाली, "बाई, तुमच्या सुईनं पन नाय थांबली?"

झालं. माझ्या सुईने थांबली नाही? मी आणखी एक सुई भरली, अख्खी, आणि दिली. कुणाला विचारलं नाही. कागदावर लिहिली नाही. उलटी थांबली, संध्याकाळी सुनंदा चालत घरी गेली, आणि मी घरी जाऊन झणझणीत सुक्या बोंबलाचं कालवण केलं — इतकी मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उचलून आणली. मान मागे वळलेली, डोळे वर चढलेले, जबडा वाकडा, जीभ बाहेर. आई रडत होती, मागे पोरीचा मामा काहीतरी पुटपुटत होता. मला पहिल्या नजरेत कळलं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं — उलटीच्या सुईने कधीकधी असं होतं, तरुण मुलींना जास्त, आणि सुई जास्त झाली तर आणखी. दिसायला भयंकर, पण उताराची सुई दिली की अर्ध्या तासात माणूस सरळ. ती सुई माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

पण सुई दिली असती तर चार वाजता डॉक्टर आल्यावर त्यांना सांगावं लागलं असतं — का दिली. आणि मग, काल किती दिली होती? "त्या बाईंच्या हातची सुई" — त्या सुईचंच नाव आलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "हे आमच्याकडचं नाही. बाहेरचं बघा."

आता, दवाखान्यात बाहेरचं म्हणजे बाहेरचा डॉक्टर. बाहेरून आणायचं औषध. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आले — मी मोठ्या दवाखान्यात न्या म्हणत होते, त्यांनीच भलतं ऐकलं. पण मी याच मुलखात वाढलेली बाई. गावात बाहेरचं म्हणजे भुताखेताचं, हे मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं म्हणूनच तो शब्द निवडला. मामाने लगेच मान हलवली, आणि ते तिला भगताकडे घेऊन गेले.

भगताने मिरच्यांची धुरी दिली. कडुलिंबाच्या फांद्यांनी झोडपली. सुईचा अंमल उतरायचा तेव्हा उतरला, सकाळी पोर सरळ झाली, आणि नाव भगताचं झालं. एक सांगायचं राहिलं — त्या आखडण्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतं. तिने सगळं ऐकलं, सगळं सोसलं. पंधरा दिवसांत आसनगावच्यांनी सोयरीक मोडली. बाहेरचं असलेली मुलगी कोण करतं? पुढे तिला कसाऱ्याकडे एका बिजवराला दिली.

मी नंतर शहापूरच्या एका दवाखान्यात लागले, मोठी सिस्टर झाले. तिथे मी एक नियम घातला. उलटीची सुई सावकाश द्यायची, लिहिल्यापेक्षा थेंबभर जास्त नाही, दिल्याबरोबर कागदावर लिहायची. घरी सोडताना नातेवाइकांना बजावायचं — मान वाकडी झाली, जीभ जड झाली तर भगताकडे नाही, इथे आणा. हाताखालच्या नर्स पोरी त्याला "बाईंचा नियम" म्हणायच्या. माझ्या निरोपाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, या नियमाने कितीजणी वाचल्या. शाल घेताना माझी मान ताठ होती. अजूनही त्या नियमाचा मला अभिमान आहे, तो काही मी सोडणार नाही. बाईंना हे सुचलं कुठून, असं मात्र कुणी विचारलं नाही.

त्या निरोपाच्या काही वर्षं आधी सुनंदा शहापूरला आली होती. केस अर्धे पिकलेले, सोबत दहा वर्षांची मुलगी, उलट्यांनी मलूल झालेली. तिने मला ओळखलं. "बाई, पोरीला सुई नका देऊ," म्हणाली. "आमच्यात बाहेरचं हाय. माज्यासारखं तिला व्हायला नको."

मी सुई दिली नाही. चमचा घेऊन बसले. दुपारभर बसले — मीठ-साखरेचं पाणी, एकेक चमचा, चूळ, तोंड पुसणं. चार वाजता पोर उठून बसली आणि पेज मागायला लागली. असं काम त्या दवाखान्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

निघताना सुनंदा म्हणाली, "तवा तुमीच सांगितलात, बाहेरचं बघा. म्हनून जगले, बाई." आणि माझ्या पायाशी वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि "सुखी राहा" म्हटलं.