उजवा हात आणि दुपारची व्यायामशाळा

४ डिसेंबर १९६१. थंडी पडली तरी वाकळा धुवायच्या राहिल्या होत्या, त्या शेवटी त्या दिवशी काढल्या. पहिली वाकळ पिळून दोरीवर टाकायला गेले तर उजवा हात खांद्याच्या उंचीवर अडला. दिवाळीपासून तो कुरकुरत होता. आता त्याने साफ नकार दिला. ओली वाकळ अंगावर घेऊन मी अंगणात उभी. शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोने कुंपणावरून पाहिलं, आली, वाकळ माझ्याकडून घेतली आणि पंचा टाकावा तशी दोरीवर टाकली. तिला मी आपा म्हणत असे. नवऱ्याबरोबर कापूस पिंजून आणि गाद्या भरून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते.

"भाबी, हाताले काय झालं?"

"अडला."

"मंग दवाखान्यात जा न. दोरीशी काय भांडता?"

उमरखेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात इकडे तिकडे वळवून पाहिला. सांधा आखडत चालला आहे, म्हणाले. औषधाने फारसं होणार नाही. दुखला तरी रोज वर न्यायचा. नाही नेला तर कायमचा असाच राहील. त्या दिवसांत माझा अंबाडासुद्धा सासूबाई घालून देत होत्या. चाळिशी नुकतीच ओलांडलेली मी. उरलेला जन्म दुसऱ्याकडून केस बांधून घेण्यात घालवायचा माझा विचार नव्हता.

"मारुतीच्या देवळामागे व्यायामशाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "दुपारी ती मुलींसाठी उघडी असते. तिथल्या वस्तादांना खांद्यातलं कळतं. तिथे जा, नाहीतर घरी करा. पण करा."

घरी आल्यावर बोलणं निघालं. आमचे हे तहसीलीत कारकून. कागद वाचावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आखाड्यात कायले जायचं? घरी का मेहनत कमी आहे?"

सासूबाईंकडे उपाय तयारच होता. "चक्की आली तेव्हापासून जातं कोपऱ्यात पडून आहे. दळण चालू कर. आमच्या वेळी कोणाचा खांदा अडला नाही."

मलाही घरच बरं वाटलं. लुगडं बदलायला नको, कोणी बघायला नको, आणि वर पीठ मिळणार. व्यायामशाळेत नुसता घाम निघतो. मी जातं काढलं, धुतलं, पाथरवटाकडून टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घेतलं आणि सकाळी ज्वारी घेऊन बसले. घरघर ऐकून आपा आली.

"एकटीनं दळता काय? सरका."

दळायला बायका समोरासमोर बसतात आणि एकच खुंटा दोघी धरतात. आपा समोर बसली. "तुम्ही नुसता हात ठेवा," म्हणाली. मी ठेवला. जातं भिंगरीसारखं पळालं. सासूबाईंनी उंबऱ्यावरून ओवी धरली, आपाने त्याच ठेक्यावर तिच्या माहेरचं काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. मोठी छान सकाळ होती.

मग रोज तसंच. डबे भरले. भाकरी चांगली फुगू लागली. ह्यांनी दोनदा मागून खाल्ली. कोणी विचारलं की मी सांगायची, घरचाच व्यायाम चालू आहे, बरंच मोकळं वाटतं. अंबाडा अजून सासूबाईच घालत होत्या, पण सांध्याला वेळ लागतो असं मी धरून चालले होते.

आपा भाचीच्या लग्नाला पुसदला गेली. त्या सकाळी मी एकटी बसले. खुंटा धरला, ओढला. जातं जरासं सरकलं आणि थांबलं. पुन्हा ओढलं. खांद्यातून अशी कळ गेली की मूठ सुटली. मी डावा हात लावून पाहिला, जातं फिरलं. उजवा लावला की थांबे.

"काल त चांगली दळत होती," सासूबाई म्हणाल्या.

"काल आपा दळत होती. मी खुंटा धरून फिरत होती."

सासूबाई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसू थांबलं. "म्हणजे इतके दिवस हात तसाच?"

"तसाच."

ज्वारी सुपात तशीच ठेवून मी उठले आणि त्याच दुपारी व्यायामशाळेत गेले.

टिनाचं छप्पर, मातीचा हौद, कोपऱ्यात मुद्गलं, तेलाचा वास. शाळेतल्या पोरी सव्वीस जानेवारीसाठी लेझीम बसवत होत्या. माझ्या वयाचं कोणी नव्हतं. म्हातारे वस्ताद बाकावर बसून पोरींना ओरडत होते. मी हात दाखवला, जात्याचंही सांगितलं.

"जात्यानं हात गोल फिरते बाई, वर कुठं जाते? आणि तोही दुसरीनं फिरवलेला."

त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बोटं भिंतीवर टेकवून, मुंगी चढते तशी वर चढवायची. माझ्या डोक्याच्या वर त्यांनी कोळशाने एक रेघ मारली. "इथं आली की सांगा." आणि परत बाकावर जाऊन बसले.

बोटं खांद्यापर्यंत चढली. पुढे जाईनात. डोळ्यांत पाणी आलं.

"वस्ताद, जरा हात धरा न."

"नाही धरत."

एवढंच. पोरींपैकी एक धीट होती. "काकू, भिंत पाडून राह्यल्या का?"

"पाडते. तू तोवर लेझीम सरळ धर."

बाकीच्या खिदळल्या. त्यानंतर माझ्याकडे कोणी फार पाहिलं नाही, आणि ते मला सोयीचं होतं.

काही दिवसांनी माझ्या मनात आलं, भिंत तर घरीही आहे. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर रेघ मारली आणि सुरू केलं. दूध उतू गेलं. सासूबाईंना अडकित्ता सापडेना. ह्यांना सदऱ्याचं बटण हवं झालं, आणि मोकळी दिसते म्हणून माझ्याकडेच आणलं. मी भिंतीकडे तोंड केलं की घराला मी रिकामी वाटत असे. संध्याकाळी रेघ पुसून टाकली आणि उद्यापासून पुन्हा देवळामागेच जाणार म्हणून सांगितलं.

"मग माझा दुपारचा चहा?" सासूबाईंनी विचारलं.

"चुलीच्या वैलावर ठेवून जाईन. ओतून घ्या."

त्या ओतून घेऊ लागल्या, आणि साखर स्वतःच्या मनासारखी पडते म्हणून खूशही झाल्या.

आपा पुसदहून परतली आणि दुसऱ्या सकाळी गाल फुगवून आली. जातं कोपऱ्यात गेलेलं तिने पाहिलं होतं.

"माझ्यावर रुसल्या का भाबी?"

मी सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "हाय अल्ला! तुमचं दुखून राह्यलं होतं, तुम्हाले कशी ओढू देऊ मी?"

"म्हणून तर तुझ्यासमोर बसत नाही आता."

"आणि पीठ?"

"पीठ दळू की. पण डावा हात देईन तुले."

हे तिला पटलं. सकाळचं दळण पुन्हा सुरू झालं, गाण्यासकट. व्यायाम मात्र दुपारीच, देवळामागे. सव्वीस जानेवारी झाली, पोरी कमी झाल्या, मी जातच राहिले. एखाद्या दिवशी बोटं मागच्या दिवसापेक्षा खाली थांबत, तरी वस्ताद बाकावरून उठत नसत. होळीच्या आदल्या दुपारी बोटं त्या कोळशाच्या रेघेला लागली. मी हाक मारली. वस्ताद आले, पाहिलं, आणि रेघ आणखी वीतभर वर मारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक वाकळ भिजवली, पिळली आणि दोरीवर टाकली. आपा कुंपणापाशी पुढे झाली होती. मी मान हलवली तशी थांबली. वाकळ अर्धीच पडली, एक टोक मातीत लोळलं. "वाकडी आहे भाबी," ती म्हणाली. मी ते टोक धुतलं, पुन्हा टाकलं, सरळ केलं. मग दुपारी वेळेवर निघता यावं म्हणून पुरणाची डाळ लवकर शिजत घातली.