वगळलेली ओळ

"सुमनबाईंची फाइल काढा. तीन वर्षांचा नियम कुठं आहे तेवढं दाखवा. बाराच्या आत!" साहेबांनी फर्मावलं.

सत्तरच्या दशकात मी मालेगावच्या एका ऑफिसात शिक्षकांच्या फायली सांभाळणारा क्लार्क होतो. सुमनबाई शेलूबाजारजवळच्या खेड्यात टेंपररी शिक्षिका. घरातली पहिली पगारदार. तीन वर्षांत ट्रेनिंग पास नाही तर नोकरी नाही, असं साहेब म्हणत. बाईंना नोकरीत चौथं वर्ष लागलं होतं.

नियमपुस्तकातलं ते पान केव्हाच फाटलं होतं. उरल्या करेक्शन स्लिपा. नियम बदलला की वरून स्लिप यायची. त्यात आधी ‘हे शब्द वगळा’, मग ‘त्याऐवजी हे घाला’. ती पुस्तकात चिकटवायची असते. आम्ही लाल फडक्यात गठ्ठा बांधून मोकळे. शब्द शोधायचा तर ओळीओळीवरून बोट फिरवायचं. माझं बोट ऑफिसात सगळ्यांत जलद, याचा मला भारी तोरा.

अर्ध्या तासात एका स्लिपेत ‘तीन वर्षे’ हे शब्द सापडले. मी खूण लावली. साहेबांनी खूण पाहिली, सही ठोकली. बाईंची नोकरी गेली.

आठवड्यानं बाई आल्या. "भाऊ, मले काहून काढलं? मी तर औंदा परीक्षेले बसून राह्यली."

त्यांना दाखवायला स्लिप काढली आणि पुन्हा वाचली. शब्द ‘वगळा’च्या ओळीत होते. खाली स्पष्ट छापलं होतं, ‘पाच वर्षे’. मी स्लिप पालथी घातली. "नियम हाये, बाई," म्हणालो.

मग साहेबांकडे गेलो. "चूक झाली, साहेब."

"कोणाची?"

"माझी."

"मंग लिहून द्या. चौकशी लागन. देता?"

नाही दिलं. घाबरलो, दुसरं काय!

बाईंनी अपील केलं. उत्तर माझ्याच हातून गेलं: ‘अपील नामंजूर. अर्जात नियमाचा आधार दिलेला नाही.’ त्या स्लिपचा नंबर मला पाठ होता. आजही आहे.

पुढे एकदा बाई शेलूबाजारच्या स्टँडवर भेटल्या. दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं निंदणाला निघाल्या होत्या. "भाऊ, माह्या अपिलात काय कमी पडलं हो?" मी समोरची जीप पकडली.

शब्द सापडला की आधी बघावं, तो ठेवलेला आहे की वगळलेला. हे मी रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या क्लार्कला बजावलं. बाईंना मात्र कधीच सांगितलं नाही.