जनरेटरपुढचा कापूर

"बंद करतलंस? वेडो झालंस काय रे, सदा?"

दत्तारामदादा माझ्या कानाशी ओरडले. त्यांचंही बरोबर होतं. लालबागचं ते मैदान माणसांनी फुललं होतं, शेजारच्या चाळींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. स्टेजवर शाहीर रंगात आले होते आणि 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून लोक असे गर्जत होते की माझ्याही अंगावर काटा येत होता. आणि नेमका तेव्हाच मी जनरेटर बंद करायला निघालो होतो.

चिंचपोकळीला माझं लाऊडस्पीकरचं लहानसं दुकान होतं. मैदानाला वीज मिळणार नाही असं दुपारी कळलं, म्हणून जनरेटर पुढे पाठवला. जनरेटर म्हणजे पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं, वीज तयार करणारं यंत्र. आवाज नको म्हणून कार्यकर्त्यांनी ते स्टेजखाली पडद्याआड ठेवलं होतं. मी आल्याआल्या ते स्टेजमागे, पडद्यापासून चार हात लांब मोकळ्यावर काढलं. सायलेन्सर, म्हणजे धूर सोडणारी नळी, तव्यासारखा तापतो. त्याला कापड लागलं की संपलंच.

सभेची व्यवस्था दत्तारामदादांकडे होती. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे ठिणगी म्हणजे काळ. सवयीने त्यांनी वाळूच्या दोन लाल बादल्या आणून जनरेटरशेजारी ठेवल्या. मी हसलो. "दादा, ही सभा आहे, तुमचं खातं नव्हे."

"असूं देत," ते म्हणाले.

आता टाकीतलं पेट्रोल तळाला गेलं होतं. चालू मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, आणि बंद केल्यावरही पंधरा मिनिटं थांबायचं, हा माझा नियम. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो.

"पंधरा मिनिटां? लोक उठान जातले!"

"जळण्यापेक्षा गेलेले बरे."

मी मशीन बंद केलं. भोंगे मुके झाले. "लाऊडस्पीकर कोणी तोडला रे?" मागून कोणीतरी ओरडलं, माणसं उठायला लागली. तेवढ्यात शाहिरांनी माइक बाजूला सारला, डफावर थाप मारली आणि उघड्या गळ्यानं पोवाडा उचलला. काय तो आवाज! उठलेले लोक पुढे सरकून बसले. मैदान चिडीचूप.

घड्याळ लावून पंधरा मिनिटं काढली. सायलेन्सरवर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं नाही. मग नरसाळं लावून टाकी भरली. थोडं सांडलं ते फडक्यानं पुसलं, झाकण फिरवलं आणि वळतो तो काय! समोरून दत्तारामदादा येताहेत, हातात ताट, ताटात नारळ आणि पेटता कापूर. मशीन थांबलं म्हणजे रुसलं, त्याला ओवाळायला हवं, ही गिरणीतली रीत.

"थांबा! तिथंच थांबा!"

दादा थबकले. चेहरा उतरला. "देवाचा नको म्हणतंस?"

"देवाचं चालेल, कापूर नको! ताट खाली ठेवा."

त्यांनी ताट तिथेच ठेवलं. मला तर चेवच चढला. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, ती जमिनीलगत पसरते, ज्योत लांब असली तरी पेट घेते, असं मी त्यांना सुनावत होतो.

भप्प!

ताटापासून हातभर अंतरावर फडकं पेटलं होतं. ज्वाळा स्टेजच्या पडद्याला चाटायला निघाली होती. पडद्यापलीकडे शाहीर गातच होते. मी नुसता उभा राहिलो. दादांनी मात्र एक बादली उचलून फडक्यावर पालथी घातली, मागोमाग दुसरी. खेळ खलास. पुढच्या रांगेतल्या माणसालाही काही कळलं नाही.

दादांनी हात झटकले आणि वाळूतून डोकावणाऱ्या फडक्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्यां कोणाचां?"

"माझं," मी म्हटलं. पुसल्यावर न बघता मागे फेकलं होतं ते.

नारळ मात्र दादांनी फोडलाच, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन. मी दोरी ओढली, भोंगे गरजले आणि मैदान असं दणाणलं की मला रडूच आलं.

पुढे कुठल्याही सभेला हातगाडीवरून मी आधी वाळूच्या बादल्या उतरवायचो, मग जनरेटर. दुसऱ्याच्या हातातला कापूर आपल्याला लांबून दिसतो. आपलं फडकं कुठे पडलंय, ते विचारायला दत्तारामदादा लागतात.