आईचं उतरलेलं वजन

ज्या वर्षी माझं वजन अकरा किलोनं कमी झालं, त्याच वर्षी आईचंही झालं. माझ्यापेक्षा जास्त झालं. या दोन्ही गोष्टींचं श्रेय मी कितीतरी महिने स्वतःकडे घेत होते. आई गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, पण नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावात होते तोवर माझ्या जाडपणाचं कुणाला काही वाटत नव्हतं. उलट आई कौतुकानं सांगायची, "माझी पोरगी खात्यापित्या घरची दिसती." शहरात वसतिगृहात राहायला आले आणि दुसऱ्याच महिन्यात कॉलेजात आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी माझा रक्तदाब दोनदा मोजला. मग म्हणाल्या, "या वयात हा आकडा बरा नाही. वजन उतरव, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील."

मला गोळ्यांची फार भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी छावणीतल्या, म्हणजे लष्करी वस्तीतल्या, रस्त्यांनी चालायला लागले. तिथं सावली असते, गर्दी नसते, आणि पंजाबी ड्रेसखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या जाड मुलीकडे बघायला कुणी थांबत नाही. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मेसमधला भात सोडला, चहातली साखर सोडली. दुपारी वर्गात डोळ्यांपुढे अंधारी यायची. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की शरीराला सवय होईपर्यंत अशक्तपणा वाटतो, घाबरू नये. मी टिकून राहिले. दोन-तीन महिन्यांत रक्तदाब खाली आला. स्वतः ठरवलेली आणि स्वतः तडीला नेलेली ही माझी पहिलीच गोष्ट होती. ती आईलाही द्यावी असं मला मनापासून वाटलं.

आईचे गुडघे दुखायचे. शेतातून आली की उंबऱ्यावर बसून ती दोन्ही हातांनी गुडघे दाबत राहायची. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासाठी खाण्याचा तक्ता केला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं काढली. एकच भाकरी, वाटीभर पालेभाजी, ताकाचा पेला. साखरेच्या डब्यावर लाल फुली. तो कागद मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला.

वडील बघून हसले. "आता जेवायचं कसं ते बी कॉलेजात शिकवायलेत का?"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. "एवढी शिकलेली लेक सांगती ते काय उगं सांगती?"

आणि तिनं पाळलं. चतुर्थीचा उपास पाळावा तसं पाळलं. उपासाच्या दिवशी भूक लागली, चक्कर आली तरी आमच्याकडे बायका बोलून दाखवत नाहीत. बोललं की उपासाचं पुण्य जातं म्हणतात. हे मला माहीत होतं. तरी तेव्हा सुचलं नाही.

मी रोज संध्याकाळी फोन करायची.

"आई, आज काय खाल्लं?"

"एकच भाकर. ती बी सरली नाय बघ."

"शाबास!"

"अंग लई गळाल्यावानी वाटतंय गं, माय."

"होतं तसं सुरुवातीला. मलाही झालं होतं. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू? तू हायेस की."

सुट्टीला गेले की मी तिला भुसार दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं करायची. दुकानदार म्हणायचा, "काकू, पोत्यात बसा, म्हंजी बराबर वजन निघंल." आई पदर तोंडाला लावून हसायची. काटा दर वेळी खाली आलेला असायचा, आणि मी परत येताना बसमध्ये खुशीत असायची.

जानेवारीत मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. आई बांगड्या भरायला शहरात आली, तेव्हा मी तिला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेले. बांगडीवाले चाचा तिच्या ओळखीचे, दर लग्नसराईला ती त्यांच्याकडेच यायची. त्यांनी तिचा हात हातात घेतला, नेहमीची अडीचच्या मापाची हिरवी बांगडी चढवली, आणि ती सरळ कोपरापर्यंत सरकली. त्यांनी ती काढली. सव्वादोनची घातली, तीही सैल.

"क्या आपा," ते हसले नाहीत. "बीमार-वीमार हैं क्या?"

"बीमार कशाची भाई? लेकीनं डायट लावलंय मला," आई म्हणाली. 'डायट' हा शब्द तिनं असा उच्चारला, जसा एखादा दागिना दाखवावा.

चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "बेटा, इतना नहीं उतारते." मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, याला काय कळतं. मी आईला खांद्याशी धरून म्हटलं, "अजून थोडं राहिलंय, चाचा." तिथून आम्ही क्रांती चौकापर्यंत रिक्षानं गेलो. तेवढ्या वाटेत आईनं दोनदा डोळे मिटून घेतले. मी विचारलं, तर म्हणाली, ऊन लागतंय.

लग्नात तिनं दोन घास खाल्ले आणि मांडवामागे जाऊन ओकली. वडिलांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात आले; मी लग्नातून आदल्या रात्रीच वसतिगृहावर परतले होते, त्यांना दवाखान्यातच भेटले. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले.

"मावशी, जेवण कधीपासून कमी झालं?"

"कमी नाय झालं साहेब, लेकीनं कमी केलंय."

"उलट्या?"

"व्हय. दिवाळीच्या मागून चालूच हायेत."

"मग घरात सांगायचं नाही का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. पाठ केलेला धडा मास्तरांपुढं म्हणावा तशी ती म्हणाली, "हिनंच सांगितलं व्हतं ना, पहिल्या पहिल्यांदा अंग गळतं, घाबरायचं नाय."

तपासण्या झाल्यावर कळलं, पोटात गाठ होती, आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, दिवाळीनंतर लगेच आणली असती तर? ते म्हणाले, "ते आता धरून बसू नका." मी हो किंवा नाही ऐकायला थांबले होते. ते वॉर्डात पुढच्या खाटेकडे गेले.

नंतरचे तीन महिने मी वॉर्डात तिच्याजवळच होते. परीक्षेचे दोन पेपर दिले, दोन राहिले. ती तक्रार करत नव्हती, आणि मला तेच सहन होत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? गुडघे नाय का थांबले दुखायचे." ते खरं होतं. खाटेवरून उठायचंच बंद झालं होतं, तर गुडघे कुठून दुखणार!

मे महिन्यात आई गेली. सुतकात आमची चूल पेटली नाही. भावकीतून पिठलं-भाकरी आली. चुलतीनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि माझ्या मनगटाला हात लावून बाकीच्या बायकांना म्हणाली, "बघा गं, आईच्या दुखण्यानं पोरगी पार वाळून गेली."

"कशी तट्ट व्हती," कुणीतरी म्हणालं.

"लई जीव व्हता आईवर."

सगळ्या रडायला लागल्या. मला सांगायचं होतं, की हे दुखण्यानं नाही, हे त्याच्या आधीचं आहे, मी ठरवून केलेलं. हेच मी तिलाही करायला लावलं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मी मान खाली घालून भाकरी मोडली. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मी त्यांना फिरवू दिला.