फक्त जोडप्यांसाठी

जपानमधल्या तोयोसु स्टेशनबाहेर मी पत्रकं वाटत होते. शेजारून नारळाच्या वासाचं सनस्क्रीन लावलेलं कुणीतरी गेलं आणि मी पुन्हा ओकिनावा बेटावरच्या त्या रिसॉर्टच्या काउंटरसमोर उभी राहिले.

मी तेव्हा इथे शिकत होते. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच पुण्याहून आली होती. कॅरिबियन थाटाचं रिसॉर्ट, खाणंपिणं सगळं पॅकेजमध्ये. 'दोघांसाठी' एवढंच वाचून मी खोली घेतली. काउंटरवरची मुलगी वाकून वाकून माफी मागत होती. इथे फक्त जोडप्यांना प्रवेश, मी आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे विधवेनं समुद्रावर यायचंच नाही?" मी जपानीत कडाडले. मागची जोडपी आमच्याकडे बघू लागली. आता आई 'चल गं, तमाशा नको' म्हणणार, याची मला खात्री होती.

आईने पर्स काउंटरवर ठेवली. "ओरडू नकोस. तिला विचार, हे असते तर मला घेतलं असतं ना? मग यांची जागा रिकामी ठेवा, मला आत घ्या."

मी शब्दन् शब्द सांगितला. मुलगी आत गेली, बराच वेळ आलीच नाही. आई ताठ उभी होती. शेवटी आईच्या मनगटाला रिसॉर्टचा निळा पट्टा बांधला गेला.

तेव्हा वाटलं, जिंकलो. आज वाटतं, आईने स्वतःसाठी मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही तिला बाबांच्या नावावर मागावं लागलं.