नकाशात नसलेली विहीर

पाणी उताराकडे जाते, हे सांगायला सरकारला परिपत्रक काढावे लागले. चार पानी, सायक्लोस्टाइल केलेले. सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांनी आखलेले नकाशे शाईने स्वच्छ उतरवून काढणारा. ते परिपत्रक माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवलेले असायचे. पावसाचे पाणी गावाबाहेर कसे काढावे, गटार कुठून न्यावे, मोरी केवढी ठेवावी, तोंड कुठे सोडावे, सगळे त्यात होते. एक कलम मला आजही पाठ आहे : गटाराचे तोंड पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून तीस मीटरच्या आत सोडू नये. नियम चांगलाच होता. नियमांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

आमचे गाव पोशीरच्या बाजूचे, भातशेतीचे. गाव वर, आमची वस्ती खाली, ओढ्याच्या अंगाला. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावकीची कामे सोडली आणि गावाने आमचे पाणी तोडले. त्याआधी तरी काय होते म्हणा. विहिरीपासून लांब घागर ठेवून उभे राहायचे, कुणाला दया आली की तो वरून ओतायचा. मग माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या बाने, आणि वस्तीतल्या आठ-दहा जणांनी दोन उन्हाळे खपून स्वतःची विहीर खणली. खाली कातळ लागला, तो पहारीने फोडला. आई मुरमाच्या पाट्या वाहायची. पाणी लागले त्या दिवशी तिने पहिली घागर स्वतःच्या हाताने शेंदली आणि बा म्हणाला, "आता कुनाच्या हाताकडं बघाया नको." पेढे वाटण्याची ऐपत नव्हती, पण त्या दिवशी वस्तीत कुणी कामाला गेले नाही.

वरच्या गावाचे पावसाचे पाणी पूर्वी शेतांतून जायचे. बांधाला तोंड ठेवायचे, वरच्याने खालच्याच्या शेतात सोडायचे, त्याने पुढच्याच्या, असे करत करत नदीला. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच बहुधा तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मग गावातल्या एका बड्या खातेदाराने उताराच्या शेतात भाताची गिरणी काढली, भराव टाकला, बांधांची तोंडे बुजवली. पाणी गल्ल्यांत तुंबले. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? त्यापेक्षा गावाने सरकारकडे गटार मागितले आणि ते मंजूर झाले.

ओव्हरसियर दुर्बीण घेऊन मोजणीला गेला. गिरणीच्या कडेपर्यंत मोजले, दुपारी त्याच खातेदाराच्या ओटीवर जेवला आणि वहीत लिहिले : 'पुढे खोलगट पडीक जमीन, तोंड येथे सोडावे.' ती वही आणि गावाचा इंग्रजांच्या वेळचा जुना नकाशा माझ्या टेबलावर आला. आमच्या वस्तीच्या जागी त्यात नुसता कोरा कागद होता. गटाराचे तोंड आमच्या विहिरीच्या डोक्यावर येत होते. विहिरीची जागा मनाने धरून मी पट्टी लावून पाहिली. अंतर दहा मीटरही भरत नव्हते.

मी पेन्सिलीने तिथे एक लहानसे वर्तुळ काढले. नकाशात विहिरीची खूण तेवढीच असते.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे काय?"

"विहीर आहे साहेब. पिण्याची. आमच्या वस्तीची."

"रेकॉर्डला आहे?"

"नाही. पण आहे."

"मग नोंद करून घ्या. तलाठ्याकडे अर्ज करा. तोवर काम थांबवायचं का?"

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने हे अगदी शांतपणे विचारले, आणि त्याचेही नियमाला धरूनच होते. तो गेल्यावर हेडक्लार्क जवळ आला. "कायम करायच्या यादीत तुझं नाव यंदा वर गेलंय. कशाला नसती उठाठेव?"

मी चार वर्षे रोजंदारीवर होतो. शाईची रेघ पुसायला ब्लेडने खरडावे लागते, पण ही पेन्सिल होती. रबर दोनदा फिरवले, झाले. मग सगळ्यावर शाई चढवली आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'ट्रेस केले' या शब्दांपुढे सही केली. माझी सही तेव्हा फार देखणी होती. नोंदीचा अर्ज पुढच्या आठवड्यात करू, असे मी स्वतःला सांगितले आणि केला नाही.

इथवर मी घाबरट होतो असे म्हणता येईल. पुढे केले त्याला घाबरटपणा म्हणत नाहीत.

गटार खणायला मजूर आमच्याच वस्तीतले होते, त्यांत बासुद्धा. काम खाली सरकत आले, तेव्हा एका रविवारी घरी जेवताना त्याने मला विचारले, "गटार हिरीच्या वरच थांबवत्यात रं. तू हापिसात हायस. असं कसं?"

मी भाकरी मोडत होतो. मान वर न करता म्हणालो, "पुढच्या टप्प्यात पाइप टाकनार हायत, बा. पार ओढ्यापर्यंत."

असा टप्पा कुठल्याच कागदावर नव्हता. वस्तीतले चौघे कर्जतला जाऊन अर्ज द्यायचे म्हणत होते, काम बंद पाडायचे म्हणत होते. बाने त्यांना थांबवले. "माझा पोरगा हापिसात हाय. पाइप येनार हाय. उगा कशाला कामात खोडा घालता?" त्याच्या शब्दावर वस्ती गप्प बसली. त्याचा शब्द म्हणजे माझा शब्द. कुंपणच शेत खाते ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तेव्हा वाटायचे, कुंपण म्हणजे कुणीतरी दुसरा.

आषाढात गटार वाहू लागले. उत्तम वाहत होते. गावातल्या गल्ल्या दोन दिवसांत मोकळ्या झाल्या आणि शेण, गिरणीचा कोंडा, घराघरांतले खरकटे, सगळे आमच्या विहिरीत आले. वस्तीने दोनदा गाळ उपसला. तिसऱ्यांदा कुणी दोर सोडला नाही. सरपंच मोठ्या मनाने म्हणाले, "या की आमच्या विहिरीवर. आता कुठं जुनं राहिलंय?"

आई घागर घेऊन तिथे गेली. कायदा होता, कुणी अडवले नाही. फक्त रहाटाजवळच्या बाईने आपली कळशी बाजूला घेतली आणि म्हणाली, "थांब गं, मीच वतते." आईने घागर पुढे केली. घरी येऊन तिने हे चुलीकडे बघत सांगितले. मी तिथेच बसलो होतो आणि माझ्या खिशात नोकरीत कायम झाल्याचा कागद होता. तो मी बाहेर काढला नाही.

बा ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवकाने नकाशाची प्रत त्याच्यापुढे पसरली आणि म्हणाला, "यात विहीर कुठं आहे, दाखवा." बा रात्रीच्या शाळेत अक्षरे शिकलेला, बोट लावून लावून वाचणारा. त्याने सगळा कागद बोटाने धुंडाळला. विहीर सापडली नाही. बोट फिरत फिरत कोपऱ्यातल्या चौकटीत गेले.

"तुझी सही वाचता आली मला," घरी आल्यावर तो म्हणाला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. खरे सांगायचे तर त्या मला हव्या होत्या. त्याने एवढेच विचारले, "पाइप येनार नाय नं?"

"नाय."

तो उठला आणि वस्तीतल्या प्रत्येक घरी गेला. मी अंगणातून ऐकत होतो. प्रत्येक दारात त्याने एकच सांगितले, "पाइपाचं मी खोटं बोललो." माझे नाव त्याने कुठेच घेतले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्या विहिरीची नोंद करून घेतली. नव्या नकाशात तिचे वर्तुळ आहे, शाईचे, माझ्याच हातचे. आता नियमाप्रमाणे तिच्यापासून तीस मीटरच्या आत कुणाला गटार सोडता येणार नाही. विहीर काठापर्यंत गाळाने भरलेली आहे.

पूर्वी कुणी विचारले, पोरगा काय करतो, की बा म्हणायचा, "हापिसात हाय." त्या पावसाळ्यानंतर तो दहा वर्षे जगला. कुणी विचारलेच तर सांगायचा, "चित्रं काढतो."